कान्होजी आंग्रे : इंग्रजांना न जुमानणारे सरखेल आणि त्यांच्या नावाचं समुद्राखालचं प्रवाळ पठार

जालना जिल्ह्यातलं राजूर म्हटलं की आधी आठवतो तो राजुरेश्वर गणपती. अंगारकी चतुर्थीला इथं मराठवाडाभरातून भाविक येतात. समुद्राशी या गावाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर पटकन सापडत नाही. अलिबागचा किनारा इथून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

पण देवापुढे वाजणारा शंख कुठून येतो? तो समुद्रातल्या एका गोगलगायीचं घर असतो. त्या जीवाने समुद्राच्या पाण्यातला चुना थर-थर साठवून ते घर बांधलेलं असतं. शिंपले, कालवं आणि प्रवाळही तेच करतात. आणि आज नेमकं हेच बांधकाम अवघड होत चाललंय, कारण समुद्राच्या पाण्याची रासायनिक घडण बदलतेय.

महाराष्ट्रात या बदलाची गोष्ट सांगायची तर ती एका माणसाच्या नावापाशी येऊन थांबते. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या पोटात प्रवाळांचं एक मोठं पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. हे नाव आलं मराठा आरमाराच्या आंग्रे घराण्यावरून, म्हणजेच सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून.

कोण होते कान्होजी? आणि त्यांच्या नावाच्या या प्रवाळांचं पुढे काय होणार?

आंगरवाडीचे संकपाळ झाले आंग्रे

कान्होजींचा जन्म १६६९ चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या मावळातल्या आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती.

सुवर्णदुर्ग म्हणजे दापोली तालुक्यातल्या हर्णैसमोर, भर समुद्रात उभा असलेला किल्ला. कान्होजींचं लहानपण या किनाऱ्यावर गेलं. कोळी, भंडारी, खारवी मुलांसोबत वाढताना भरती-ओहोटी, वारे, खडक, खाड्या यांचं शिक्षण आपोआप मिळत गेलं. पुढे मोठमोठ्या युरोपीय जहाजांना भारी पडलं ते हेच शिक्षण.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूने एकेक ठाणं घेत सुटला. या पडत्या काळात सुवर्णदुर्ग टिकला, आणि त्याचं श्रेय तरुण कान्होजींना दिलं जातं. किल्लेदारच शत्रूला फितूर झाल्याचं लक्षात आल्यावर कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला स्वतः लढवला, अशी हकिगत सांगितली जाते.

सरखेल

१६९८ मध्ये मराठा आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांचं निधन झालं आणि आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. हा किताब पुढे आंग्रे घराण्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

कान्होजींनी अलिबागच्या समोरचा कुलाबा किल्ला आपलं मुख्य ठाणं केलं. ओहोटीला चालत जाता येईल आणि भरतीला चारही बाजूंनी पाणी, असा हा किल्ला. त्याच्या तटाची एक गंमत आजही पर्यटकांना दाखवली जाते. मोठमोठे दगड एकमेकांवर नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि लाटेचा जोर मोडतो.

दक्षिणेला त्यांचं दुसरं मोठं बळ होतं विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला आणि जवळच गिर्ये इथली जहाजांची गोदी. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं जहाज. गलबत त्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं भलंमोठं जहाज जागच्या जागी अडकायचं. तेव्हा गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून आणायची आणि शत्रूला मागच्या बाजूने गाठायची, कारण तिथं तोफा कमी असायच्या.

चाचे की आरमारप्रमुख?

इंग्रजांच्या कागदपत्रांमध्ये कान्होजींचा उल्लेख चाचा असाच येतो. असं का?

कारण होतं दस्तक. मराठ्यांच्या समुद्रातून व्यापारी जहाज न्यायचं असेल तर परवाना घ्यायचा, त्याची रक्कम भरायची, असा नियम कान्होजींनी लावला. यात नवं काहीच नव्हतं. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते. तेही स्वतःचा परवाना नसलेली जहाजं पकडायचे. फरक इतकाच की आता परवाना मागणारा इथला माणूस होता. इंग्रज स्वतःला या नियमातून वगळू पाहत होते आणि कान्होजी ते मान्य करत नव्हते.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने थेट मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र यॉट पकडली. या लढाईत कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. ३० हजार रुपये खंडणी घेऊन १७१३ मध्ये तिची सुटका करण्यात आली.

त्याच वर्षी कान्होजींनी आणखी एका सत्तेला आपलं बळ दाखवलं. १७०७ नंतर मराठेशाहीत ताराबाई आणि शाहू महाराज असे दोन पक्ष झाले होते. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. त्यांच्यावर शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. आता साताऱ्यावरच चाल होणार, अशी वेळ आली. मग पुढे आले बाळाजी विश्वनाथ. ते मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातलेच. त्यांनी लढाई टाळून बोलणी केली. कान्होजींनी शाहू महाराजांचं आधिपत्य मान्य केलं आणि बदल्यात सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले.

घरचं भांडण मिटलं आणि कान्होजी समुद्राकडे मोकळे झाले.

एकामागून एक स्वाऱ्या, सगळ्या फसल्या

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींना संपवायचा चंगच बांधला होता. त्याने विजयदुर्गावर आरमार पाठवलं. किल्ला पडला नाही. १७१८ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर हल्ला केला. तोही फसला. १७२० मध्ये खास बांधलेला तरता तोफखाना घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गावर गेले. पुन्हा हात हलवत परत आले.

१७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज युद्धनौका घेऊन आला. लक्ष्य होतं कुलाबा. पण मराठा फौज मदतीला धावून आली, दोन दोस्तांमध्ये बेबनाव झाला आणि मोहीम मोडली. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावलं. निकाल तोच.

१७२९ मध्ये कान्होजींचं निधन झालं. वय साठच्या आसपास. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. ते हयात असेपर्यंत कुठल्याही युरोपीय सत्तेला त्यांचं आरमार मोडता आलं नाही. ते मोडलं १७५६ मध्ये, त्यांचे पुत्र तुळाजी यांच्या काळात. तेव्हा इंग्रजांनी समुद्रातून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून विजयदुर्गाला घेरलं होतं. आंग्र्यांची जहाजं त्या लढाईत जळून गेली.

या सगळ्यात शिंपल्यांचा काय संबंध?

लाकडी जहाजाचा सर्वांत चिवट शत्रू तोफगोळा नव्हता. तो होता लाकूड पोखरणारा एक समुद्री जीव. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्याच कुळातला. त्याच्यापासून आणि तळाला चिकटणाऱ्या शंख-शिंपल्यांपासून जहाज वाचवण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर तळाला चुना आणि तेलाचा लेप देण्याची पद्धत होती. किल्ल्यांवरच्या इमारतींनाही चुना लागायचा. चुन्याचे घाणे आजही अनेक किल्ल्यांवर दिसतात. आणि कोकणात चुना मिळवण्याचा एक सोपा मार्ग होता शिंपले भाजण्याचा.

म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा जीवांनी पाण्यातून गोळा केलेला चुना माणसाच्या घरांना आणि जहाजांना कामी येत होता. हा चुना त्यांना कधी कमी पडेल, असं त्या काळात कुणाच्या मनातही आलं नसतं.

आंग्रिया बँक म्हणजे नेमकं काय?

नावात बँक असली तरी समुद्रात बँक म्हणजे पाण्याखालचा उंचवटा. आंग्रिया बँक उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब आणि साधारण १५ ते १७ किलोमीटर रुंद आहे. तिचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून कमीत कमी २० मीटर खोल आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हा हा माथा पाण्याबाहेर असणार.

किनाऱ्यापासून इतकं दूर असल्यामुळे इथलं पाणी गढूळ नाही. खोलवर ऊन पोचतं आणि म्हणून प्रवाळ वाढतात. प्रवाळ ही वनस्पती नाही, दगडही नाही. तो लहान-लहान प्राण्यांचा समूह असतो. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. या सांगाड्यांच्या कपारींमध्ये मासे, खेकडे, शेवंडं राहतात. मासळीसाठी हे गोकुळच.

२०१९ च्या अखेरीस सागर संपदा या संशोधन जहाजावरून वैज्ञानिकांनी इथं पाण्याखाली उतरून पाहणी केली. पण एकूण बघता किनाऱ्यावरच्या फार थोड्या लोकांना ही जागा माहीत आहे.

सामू बदलतो म्हणजे काय होतं?

आता पुन्हा राजूरला येऊ. इथल्या शेतकऱ्याला समुद्राचं रसायनशास्त्र समजावणं खरं तर सोपं आहे. माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की पहिला आकडा असतो सामू. सात म्हणजे मधला. सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास जातो आणि मोसंबीची पानं पिवळी पडतात. लोह मातीत असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. सामू बदलला की असलेली गोष्टही मिळेनाशी होते.

समुद्रात नेमकं तसंच घडतंय, फक्त दिशा उलटी आहे.

कान्होजींच्या काळात हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून हे कळतं. नंतर कोळसा आला, तेल आलं. आज हे प्रमाण ४२० च्या वर गेलंय. माणूस जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो.

हा वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच. त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात. ते पाण्यातल्या कार्बोनेटला पकडतात आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. प्रवाळाला आणि शिंपल्याला घर बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. कॅल्शियम समुद्रात भरपूर आहे. भोकरदन तालुक्यात पडलेला पाऊसही केळना, पूर्णा आणि गोदावरीतून खडकातलं थोडं कॅल्शियम घेऊन बंगालच्या उपसागरात जातोच. कमी पडू लागलंय ते कार्बोनेट. गवंडी उभा आहे, विटा आहेत, पण सिमेंट कुणीतरी आधीच उचलून नेलं, असा हा प्रकार.

समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू औद्योगिक युगाआधी सुमारे ८.२ होता. आता तो ८.१ च्या जवळ आहे. फरक किरकोळ वाटतो. पण सामूचं मोजमाप भूकंपाच्या रिश्टरसारखं आहे. आकडा थोडा हलला तरी प्रत्यक्ष बदल मोठा असतो. ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये २५ ते ३० टक्क्यांची वाढ. समुद्र आम्ल झालेला नाही, तो अजूनही अल्कलीच आहे. पण तो आम्लाच्या दिशेने सरकतोय आणि या सरकण्याचा वेग जीवांना जुळवून घेता येण्यापेक्षा जास्त आहे.

याचा फटका आधी पिल्लांना बसतो. २००७ च्या सुमारास अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कालवांचं बी तयार करणाऱ्या केंद्रात पिल्लं मोठ्या संख्येनं मरू लागली. आधी रोगाचा संशय आला. नंतर कळलं की खोल समुद्रातून वर येणारं पाणी कमी सामूचं होतं आणि त्या पाण्यात पिल्लांना पहिलं कवचच धड बांधता येत नव्हतं.

अरबी समुद्राला ही गोष्ट लागू होते का? पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही खालचं पाणी वर येतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. हे नैसर्गिक आहे आणि कान्होजींच्या काळातही होत असणार. पण त्यात आता माणसाने सोडलेल्या वायूची भर पडतेय. कोकणात खाडीतल्या तिसऱ्या आणि खडकावरची कालवं काढून घर चालवणाऱ्या बायकांसाठी हा पाठ्यपुस्तकातला विषय राहत नाही.

प्रवाळांवर दुहेरी मार

सामू हा एक भाग झाला. दुसरा भाग उष्णतेचा. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच प्रवाळांचं विरंजन म्हणतात. प्रवाळ लगेच मरत नाहीत, पण उपाशी राहतात. पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतात, नाहीतर मरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या मालवण सागरी अभयारण्यात गेल्या दशकात असं विरंजन नोंदवलं गेलंय.

दोन्ही मार एकत्र बसतात तेव्हा अडचण वाढते. उष्णतेने अशक्त झालेल्या प्रवाळाला, कार्बोनेट कमी असलेल्या पाण्यात सांगाडा बांधायला जास्त ताकद लागते. ती त्याच्याकडे उरलेली नसते. जगाचं सरासरी तापमान औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत १.५ अंशांनी वाढलं तर उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळ घटतील आणि २ अंशांनी वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०१८ मध्ये दिला आहे.

आंग्रिया बँकेला वाचवायचं कुणी?

इथं एक कायदेशीर पेच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात साधनसंपत्तीवर भारताचा हक्क आहे, पण अभयारण्य जाहीर करणं किनाऱ्याइतकं सोपं नाही. आंग्रिया बँक या दुसऱ्या पट्ट्यात येते. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. पण १०५ किलोमीटर आत जाऊन राखण करायची तर जहाजं हवीत, माणसं हवीत आणि जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरलेलं हवं.

तिथली बेसुमार मासेमारी थांबवली, नांगर आणि जाळ्यांपासून प्रवाळ वाचवले, तर समुद्राचा सामू त्याने सुधारणार नाही. पण निरोगी प्रवाळ उष्णतेचा मार जास्त सोसतात. तेवढी उसंत मिळू शकते. खरा इलाज मात्र धूर कमी करण्याचाच आहे.

कान्होजींच्या समुद्रात परवान्याशिवाय जहाज शिरलं तर ते पकडलं जायचं. कार्बन डायऑक्साइडला दस्तक लागत नाही. तो अलिबागमधून निघो, राजूरच्या रस्त्यावरच्या दुचाकीतून निघो किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यांना वीज देणाऱ्या कोळशातून, काही वर्षांत त्याचा वाटा समुद्रात पोचतोच.

आज कान्होजींचं नाव बऱ्याच ठिकाणी आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे म्हणतात. १७१८ मध्ये इंग्रजांना जी घेता आली नाही, त्या खांदेरीला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे बेट हे नाव मिळालं. ही नावं पाटीवर आहेत आणि पाटी पुन्हा रंगवता येते. आंग्रिया बँकेवरचं नाव मात्र जिवंत प्राण्यांच्या वस्तीला दिलेलं आहे. ती वस्ती उजाड झाली तर नकाशावर नाव राहील आणि त्याखाली पांढरे सांगाडे.

अंगारकीला राजुरात शंख वाजेल तेव्हा एवढं आठवायला हरकत नाही. तो आवाज एका समुद्री जीवाने चुन्याचा एकेक थर चढवून बांधलेल्या घरातून येतोय. त्याच्या पुढच्या पिढ्यांना असं घर बांधता येईल की नाही, हे किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर दूरच्या गावांवरही अवलंबून आहे.